पाठीवर चावी असलेला शत्रू

[पडद्यावर: किल्ल्याचं छत. मागे मिट्ट काळोख. वर एक गोल, पांढरं, तोंड रंगवलेलं उडतं वाहन घिरट्या घालतंय.]

त्यात बसलाय तो बाउझर, मारिओच्या व्हिडिओ गेममधला कासवासारखा खलनायक. खाली छतावर एकटा उभा आहे तो खेळाचा नायक मारिओ. अख्खा खेळ पार करून तो इथवर पोहोचलाय, आणि आता त्याच्या हातात काहीच नाही. बाउझर इतका उंच की उडी मारून पोहोचणं अवघड, आणि पोहोचलाच तरी नुसत्या उडीने त्याला काही होत नाही.

मग बाउझर वरून दोन खेळणी खाली टाकतो.

हो, खेळणीच. त्याच्याच चेहऱ्यामोहऱ्याची, बुटकी, पत्र्याची वाटावीत अशी. पाठीवर चावी, आणि ती गोल गोल फिरतेय. तुरुतुरु चालत ती मारिओच्या दिशेने येतात. यांचं नाव मेकाकूपा.

खेळ आहे 'सुपर मारिओ वर्ल्ड'. जपानमध्ये 21 नोव्हेंबर 1990 रोजी निन्टेन्डोचा सुपर फॅमिकॉम हा गेम कन्सोल बाजारात आला, त्याच दिवशी हा खेळही आला. दिग्दर्शक ताकाशी तेझुका, निर्माते शिगेरू मियामोतो. पुढे याच्या दोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या खेळात शत्रूंची नुसती जत्रा आहे: डायनासोर, भुतं, अमेरिकन फुटबॉलचा पोशाख चढवलेली कासवं. त्या गर्दीत मेकाकूपा तसा किरकोळ. किल्ल्यात थोडा वेळ दिसतो आणि या शेवटच्या लढाईत. पण माझ्या मते अख्ख्या खेळातली सगळ्यात हुशार रचना याचीच आहे.

[पडद्यावर: मेकाकूपा जवळून. चावी फिरताना.]

चावीकडे नीट बघा. चावीचं खेळणं ज्याने एकदा हातात धरलंय, त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. एक, हे कधीतरी थांबणार. दुसरी, थांबलं म्हणजे मोडलं असं नव्हे, ते पुन्हा चालू होऊ शकतं. या शत्रूचा नियमही नेमका तेवढाच आहे. डोक्यावर उडी मारा, तो चपटा होऊन गप्प पडतो. काही सेकंदांनी थरथरायला लागतो आणि उठून पुन्हा चालू. मधल्या वेळात तो कुणाचाच नसतो. जो उचलेल त्याचा.

पडद्यावर एकही सूचना येत नाही. जिला सोडवायला मारिओ आलाय ती राजकन्या पीच वाहनात कैद आहे, तीही ओरडून सांगत नाही की बाबा रे, खेळणं उचल आणि वर फेक. खेळणारा आधी चुकून एकावर पाय देतो. ते थांबतं. मग हळूच लक्षात येतं की अरे, हे तर उचलता येतंय. वर बघायचं बटण दाबून धरायचं आणि हातातली वस्तू सोडायची, की ती सरळ वर जाते. वस्तू वर फेकण्याची ही सोय मारिओला याच खेळात मिळाली. म्हणजे इतका वेळ जी युक्ती गंमत म्हणून वापरली, तिच्यावरच शेवटची लढाई उभी केलीय. खेळणं वर गेलं आणि बाउझरच्या टाळक्यावर पडलं की एक फटका झाला.

असे दोन फटके बसले की तो चिडून दूर उडून जातो, वरून आगीचे लोळ पडतात आणि दुसरी फेरी सुरू होते. फेऱ्या तीन, फटके एकूण सहा. दुसऱ्या फेरीत भलेमोठे लोखंडी गोळे छतावर गडगडत येतात, तिसरीत तो वाहनासकट अंगावर आदळायला बघतो. मध्येच पीच डोकं बाहेर काढते आणि मारिओसाठी एक मश्रूम टाकते. कैदेत असूनही बाईंचं भान शाबूत आहे.

इतकं होऊनही बाउझर खेळणी टाकायची काही थांबत नाही! त्याने ती दोन खेळणी खाली टाकलीच नसती, तर मारिओ छतावर उभा राहून म्हातारा झाला असता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आपण ऐकलंय. हा गडी डोक्यावर पाडून घेतो, तोही सहा वेळा.

आणि ही त्याची खोड जुनी आहे. 1985 च्या पहिल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तो पुलावर उभा असायचा आणि पूल पाडणारी कुऱ्हाड त्याच पुलाच्या टोकाला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलवर ज्यांनी मारिओ खेळला, त्यांना तो पूल आणि ती कुऱ्हाड आजही डोळ्यांसमोर दिसत असेल. मेकाकूपाची ओळख मात्र त्यातल्या अनेकांना झाली नाही. त्या पिवळ्या कॅसेटींमध्ये पहिला मारिओ हटकून असायचा, आणि 'मारिओ वर्ल्ड' तर त्या यंत्रावर चालणाराच नव्हता. 1988 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स 3'मध्ये बाउझर अंगावर उड्या घेतो आणि स्वतःच्याच वजनाने पायाखालच्या विटा फोडून खाली कोसळतो. 1996 च्या 'सुपर मारिओ 64'मध्ये तर त्याचीच शेपटी धरून गरागरा फिरवायचं आणि सुरुंगांवर भिरकावून द्यायचं. कुऱ्हाड, वजन, शेपटी. पण या सगळ्यात 1990 ची खेळणी मला सरस वाटतात, कारण इथे नेम तुम्हाला धरावा लागतो. कुऱ्हाडीला काय, नुसता हात लावला की झालं.

[पडद्यावर: बाउझरचं वाहन लांबून मोठं होत, गिरक्या घेत जवळ येतंय.]

आता वर बघा. वाहन मोठं होतं, लहान होतं, तिरकं होतं. 1990 मध्ये हे बघून लोकांचे डोळे विस्फारायचे. सुपर फॅमिकॉममध्ये 'मोड 7' नावाची सोय होती. तिच्यामुळे पार्श्वभूमीचं चित्र फिरवता आणि ताणता यायचं. पण फक्त पार्श्वभूमीचं. पात्रं, म्हणजे ज्यांना स्प्राइट म्हणतात ती, या यंत्राला लहानमोठी करताच येत नव्हती. म्हणून इथे युक्ती अशी केलीय की बाउझरचं वाहन हीच पार्श्वभूमी. मोड 7 मध्ये पार्श्वभूमीचा थर एकच मिळतो, आणि तो वाहनानेच अडवलेला. मागे ढग, डोंगर, बुरूज काढायचे कुठे? तो काळोख भीतीदायक दिसतो खरा, पण त्यामागे अशी अडचणही आहे.

मेकाकूपा मात्र साधा स्प्राइट. ना मोठा होतो, ना गिरक्या घेतो. नव्या यंत्राची सगळी मिजास वर, आणि तिला खाली आणणारा हा ठेंगू खाली.

चावीचं खेळणंच का? बाउझरने जिवंत कासवं टाकली असती तरी चाललं असतं. याचं नेमकं कारण निर्मात्यांच्या डोक्यात काय होतं, हा वाद मी घालत नाही. पण खेळ कुठे घडला ते पाहावं. क्योटोची निन्टेन्डो 1889 मध्ये हानाफुडा नावाचे पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली. साठच्या दशकात ती खेळण्यांकडे वळली. निन्टेन्डोतल्या गुनपेई योकोई यांचा 'अल्ट्रा हँड', म्हणजे लांब होणारा पकडहात, 1966 चा. आणि आजूबाजूचा देश कसा? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने फेकलेल्या डब्यांच्या पत्र्यापासून जपानमध्ये खेळणी बनत होती आणि परदेशी रवाना होत होती. तिथले पत्र्याचे यंत्रमानव पुढे जगभर गाजले.

त्याहून मागे गेलात तर एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) काराकुरी, म्हणजे यंत्राच्या बाहुल्या. होसोकावा हान्झो यांच्या 1796 च्या 'काराकुरी झुई' या ग्रंथात त्यांच्या आतल्या रचनेच्या आकृत्याच छापलेल्या आहेत. त्यातली चहा नेणारी बाहुली सगळ्यात लोभस. हातातल्या तबकावर पेला ठेवला की ती चालू लागते. पाहुण्याने पेला उचलला की थांबते. चहा पिऊन रिकामा पेला परत ठेवला की वळते आणि आल्या वाटेने निघते. आत लाकडी दातेरी चाकं, आणि स्प्रिंग व्हेलच्या तोंडातल्या लवचिक पट्टीची. यंत्र काय करणार हे इथेही समोरच्या माणसाच्या हातात आहे. त्याने पेला उचलेपर्यंत बाहुली थांबत नाही, आणि परत ठेवेपर्यंत हलत नाही.

मेकाकूपा आणि ही बाहुली यांच्यात सरळ नातं आहे असा माझा दावा नाही. पण चालत येणारं खेळणं थांबलं की आता पाळी आपली, हे त्या देशातल्या मुलांना शिकवावं लागलं नसणार. तसं ते आपल्यालाही शिकवावं लागत नाही. चावीचं ढोलकं वाजवणारं माकड बंद पडलं की पोरं आधी ते उलटं करून बघतात.

[पडद्यावर: रंगीत मेकाकूपा. एक लाल, एक निळा.]

पुढे हा गडी सुधारला, किंवा बिघडला म्हणा. खेळाडूला स्वतःचे टप्पे रचू देणाऱ्या 'सुपर मारिओ मेकर 2'मध्ये एप्रिल 2020 च्या अपडेटने मेकाकूपा आले, ते तीन प्रकारचे. एक साधा, एक पाठलाग करणारी रॉकेटं सोडणारा, आणि एक विजेचा झोत मारणारा. रॉकेटवाला मला तितकासा पटत नाही. खेळण्याने चालत यावं, एवढंच त्याचं काम.

बाउझरचा मुलगा ज्युनिअर मात्र बापावर गेलाय. 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या मारामारीच्या खेळांत तो तसल्याच गोल वाहनात बसून लढतो आणि मेकाकूपा सोडतो. ते चालत जातं, समोरच्याला चिकटतं आणि फुटतं. त्याच मालिकेतल्या 2018 च्या 'अल्टिमेट'मध्ये समोरचा खेळाडू चपळ असेल, तर फुटायच्या आत ते उचलून ज्युनिअरच्याच अंगावर परत फेकतो.