मुख्याध्यापकांची सही

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय छापला आहे, ‘होमस्कूल करणाऱ्या मुलांसाठी कॉलेजचे लवकरचे मार्ग’, म्हणजे शाळेत न जाता घरीच शिकणारी मुलं हायस्कूलच्या वयातच कॉलेजात कशी जाऊ शकतात. मार्ग सांगणारच आहे. पण मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात चहाच्या रांगेत मला हमखास एक प्रश्न येतो: “मग किती वर्षं वाचली?” आज माईक हातात आहे, तर आधी त्याचंच उत्तर देऊन टाकते. एकही वाचलं नाही. माझी मुलगी सोळाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या, वर्गात बसली आणि अठराव्या वर्षी चारचौघांसारखी युनिव्हर्सिटीत गेली, पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणून. तरीही त्या कॉलेजच्या कोर्सने तिला जे दिलं ते मी घरी कधीच देऊ शकले नसते, आणि त्याबद्दलच मला बोलायचंय.

घरी शिकणाऱ्या मुलाला आपण भरपूर वेळ देतो, त्याच्या कलाने घेतो, त्याला आवडेल ते पुस्तक आणून देतो. हे सगळं उत्तम आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण त्या मुलाला वर्षानुवर्षं वाचणारा, तपासणारा, ऐकणारा माणूस एकच असतो. त्याने अर्धं वाक्य लिहिलं की उरलेलं आपल्याला कळतं. त्याने एखादी पायरी गाळली तरी त्याला ती येते हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण पुढे जातो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अशा वेळी एक परका शिक्षक लागतो. त्याला आपल्या मुलाचं कौतुक नसतं, रागही नसतो, आणि तो फक्त कागदावर काय आहे तेवढंच वाचतो. लवकरचं कॉलेज मला हवं वाटतं ते एवढ्यासाठी. पदवीत धरली जाणारी क्रेडिटं मिळतात ती मिळोत.

आता ते मिळवायला काय करावं लागलं, ते ऐका. इथे कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना माहीत आहे, कायद्यात होमस्कूल असा वेगळा प्रकारच नाही. स्वतःच्या जोरावर शिकवायचं असेल तर दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान राज्याच्या शिक्षण खात्याकडे प्रायव्हेट स्कूल ॲफिडेव्हिट, म्हणजे खासगी शाळा चालवत असल्याचं प्रतिज्ञापत्र, भरायचं. ते भरलं की तुमचं जेवणाचं टेबल ही एक खासगी शाळा झाली. मान्यता म्हणून कोणी शिक्का मारत नाही, पण शाळा आहे. शाळा आहे म्हणजे मुख्याध्यापक आहेत, आणि मुख्याध्यापक बहुतेक घरांत आईच असते. (इथे कोणीतरी “बाबा शिपाई!” म्हणतंय. असू दे, शाळा त्यांच्यावाचूनही चालत नाही.)

तर कॉलेजचा फॉर्म. हायस्कूलच्या वयाच्या मुलांना कम्युनिटी कॉलेजात ‘स्पेशल ॲडमिट’ म्हणून घेतात. फॉर्मवर तीन सह्या लागतात: विद्यार्थी, पालक, आणि शाळेचे मुख्याध्यापक. आम्ही दोघी खिडकीपाशी गेलो. तिथल्या बाईंनी फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या, “दोन्ही सह्या सारख्याच आहेत.”

म्हटलं, “हो, कारण दोन्ही माझ्या आहेत.”

“मग मुख्याध्यापकांची सही आणा.”

“मीच मुख्याध्यापक आहे.”

त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या शाळेचं लेटरहेड मागत. लेटरहेड मी घरी छापून आणलं. मग म्हणाल्या, शाळेच्या काउन्सेलरची शिफारस हवी. काउन्सेलरही मीच. मग शाळेच्या फोनवर कोणी उचलत नाही म्हणाल्या. कसं उचलणार, फोन माझ्या पर्समध्ये आणि मी तुमच्या समोर उभी! मी ॲफिडेव्हिटची प्रत दाखवली, त्याच कॉलेजच्या वेबसाइटवर होमस्कूलच्या मुलांसाठी असलेलं पान छापून दाखवलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की ॲफिडेव्हिट चालतं. पान बघून त्या म्हणाल्या, “हे आमच्या विभागाचं नाही.”

मंडळी, मला त्या बाईंचा राग नाही. त्यांच्यापुढे रोज शेकडो फॉर्म येतात. पण ज्या संस्थेने नियम केला, तिच्याच खिडकीवर तो नियम पोचलेला नसतो, आणि त्याची किंमत मूल भरतं, याचा मला अजून राग आहे. कारण या मुलांचा नोंदणीत नंबर कायद्यानेच शेवटी लागतो. आधी कॉलेजचे नेहमीचे विद्यार्थी, उरलेल्या जागांवर आपली मुलं. आमच्या कागदावर सही कोणाची यावर चर्चा होईपर्यंत भूगर्भशास्त्राचा जो कोर्स तिला हवा होता तो भरून गेला. वेटलिस्टवर नाव लागलं.

इथून पुढे मी काहीच केलं नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. वेटलिस्टवरच्या मुलांनी पहिल्या तासाला हजर राहायचं असतं. जागा रिकामी झाली किंवा शिक्षकांना एखादं मूल वाढवून घ्यायचं असलं तर ते ॲड कोड देतात. एक छोटा आकडा, तो घालून नोंदणी करायची. मी गाडी पार्किंगमध्ये लावून आत बसून राहिले. ती एकटी गेली, तास संपल्यावर रांगेत उभी राहिली, आणि वर्ग का हवाय ते तिने स्वतः सांगितलं. शिक्षकांनी तिला एकच विचारलं: फील्ड ट्रिप शनिवारी असते, येशील? कोड मिळाला. तिची मुख्याध्यापक कोण, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

आणि मग तो लॅब रिपोर्ट. दगडांचे नमुने ओळखायचे होते. तिने एका नमुन्यापुढे लिहिलं, ‘हा ग्रॅनाइट आहे.’ बरोबर होतं. शिक्षकांनी त्यावर गोल केला, बाजूला लिहिलं, ‘कशावरून?’ आणि गुण कापले. ती रडकुंडीला आली. मीसुद्धा आतून चिडले, कारण ग्रॅनाइट तिला लहानपणापासून ओळखता येतो, आम्ही योसेमिटीला जाऊन हात लावून आलोय! पण मी गप्प बसले. ती त्यांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला ठेवलेल्या वेळेत, गेली. त्यांनी तिच्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, नाव विसर, दिसतं ते लिही. कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात का? दिसतात, म्हणजे खडक खोलवर, सावकाश थंड झालाय. काचेसारखे राखाडी कण म्हणजे क्वार्ट्झ, सपाट चमकणारे गुलाबी-पांढरे म्हणजे फेल्डस्पार, काळे पापुद्रे म्हणजे अभ्रक. नाव सगळ्यात शेवटी. त्यानंतर तिच्या लिहिण्यात फरक पडला, तो इतिहासाच्या निबंधातही दिसला. मी इतकी वर्षं तिला ‘कशावरून’ कधी विचारलं नव्हतं, कारण कशावरून ते मला माहीत होतं.

ओघात आलंच आहे म्हणून सांगते. मूल कॉलेजात गेलं की १९७४च्या फेर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवण्याच्या, कायद्याप्रमाणे कॉलेजच्या नोंदींवरचे हक्क मुलाकडे जातात, वय कितीही असो. चौदा वर्षांचं असलं तरी. तुम्ही शिक्षकांना ईमेल करून मार्क विचारलेत तर बहुधा उत्तर येणार नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे आईबाबांना हे फार लागतं. पण ज्या घरात आई हीच शाळा आहे, तिथे एक दार आईला बंद असणं मुलाच्या फार उपयोगी पडतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पर्यायांवर येते, भरभर सांगते, लिहून घ्या.

एक, ड्युअल एनरोलमेंट. मूल हायस्कूलचंच राहतं आणि कॉलेजचे कोर्स करतं. इथल्या कम्युनिटी कॉलेजात साधारण एका सत्रात ११ युनिटांपर्यंत (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप). फी एरवी युनिटला ४६ डॉलर, ती या मुलांना बहुतेक कॉलेजं माफ करतात, पुस्तकं आपली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तीन सेमिस्टर युनिटांचा एक ट्रान्स्फरेबल, म्हणजे युनिव्हर्सिटीत धरला जाणारा, कोर्स हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाइतका धरते. होमस्कूलच्या मुलांना हे फार उपयोगी आहे, कारण आईने दिलेल्या ए ग्रेडपेक्षा कॉलेजने दिलेल्या बी ग्रेडला वजन असतं. आणि हायस्कूल संपायच्या आत कितीही युनिटं केली तरी तिथे अर्ज फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणूनच होतो, दुसऱ्या कॉलेजातून आलेला ट्रान्स्फर म्हणून नाही. ही शंका मला आज तीन जणांनी दारातच विचारली.

इतर राज्यांतले पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी तिथल्या अशाच योजना: मिनेसोटात पीएसईओ १९८५ पासून आहे, वॉशिंग्टनमध्ये अकरावी-बारावीसाठी रनिंग स्टार्ट, ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस, आणि ते तर सातवीपासून. तिन्हींत होमस्कूलची मुलं बसतात. तारखा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आणि कडक.

दोन, परीक्षा. एपी, हायस्कूलच्या मुलांसाठीची कॉलेजच्या पातळीची परीक्षा, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात असते, पण बसू देणारी शाळा तुम्हाला शोधावी लागते आणि तिची नोंदणी आदल्या शरद ऋतूतच उरकावी लागते. एप्रिलमध्ये फोन करू नका. क्लेप, कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणारी दुसरी परीक्षा, नोंदणीला त्यामानाने सोपी: वर्षभर केव्हाही, २० ते ८० गुणांत सहसा ५० ला क्रेडिट. पण कुठलं कॉलेज ते मानतं हे आधी बघा. आणि परीक्षेत परका शिक्षक नसतो, म्हणून माझ्या लेखी तिचा नंबर दुसरा.

तीन, हायस्कूल सोडून पूर्णवेळ जाणं. कॅलिफोर्नियात सोळाव्या वर्षी प्रोफिशियन्सी प्रोग्रॅमची, म्हणजे हायस्कूल लवकर संपवण्याची, परीक्षा देता येते. जुनी सीएचएसपीई २०२३ मध्ये बंद झाली, तिच्या जागी ही. लॉस एंजेलिसच्या कॅल स्टेटमध्ये आणि सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये लहान वयाच्या मुलांसाठी वेगळे अर्ली एन्ट्रन्स प्रोग्रॅम आहेत. बार्ड कॉलेजचं सायमन्स रॉक हे कॉलेज १९६६ मध्ये याच कल्पनेवर सुरू झालं. हे मार्ग ज्या मुलाला खरोखर हवेत त्याच्यासाठी चांगले आहेत. पण आईबाबांची घाई हे त्याचं कारण असू नये, एवढंच कळकळीने सांगते.

आता एक धोका, कारण या सभागृहात डॉक्टर व्हायची स्वप्नं बरीच आहेत. कॉलेजचा ग्रेड कायमचा असतो. सोळाव्या वर्षी मिळालेला डी, म्हणजे जेमतेम पासाचा ग्रेड, पुढे प्रत्येक कॉलेजला दाखवावा लागतो आणि मेडिकल स्कूलच्या अर्जातही मोजला जातो. झेपत नसेल तर ड्रॉपच्या तारखेआधी बाहेर पडा. ती तारीख पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लिहा. त्या तारखेनंतर सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, डब्ल्यू (विथड्रॉन, कोर्स सोडला) येतो. एखादा डब्ल्यू काही बिघडवत नाही. तीन आले तर लोक विचारतात.

पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या, शक्यतो वर्गात बसून करायचा. ऑनलाइन असेल तर मूल पुन्हा त्याच टेबलाशी, त्याच आईशेजारी बसणार. कोर्स निवडताना विषयापेक्षा शिक्षक बघा: मुलाला आदल्या सत्राचा सिलॅबस मागायला सांगा, लेखी काम किती आहे आणि ते तपासून परत देतात का ते पाहायला सांगा.

ॲफिडेव्हिटची आणि कॉलेजच्या फॉर्मची नमुना प्रत मागच्या टेबलावर आहे, सोबत त्या कॉलेजच्या नियमाचं पान जोडायला विसरू नका, खिडकीवर लागेल. प्रश्नांना दहा मिनिटं आहेत. ज्यांची मुलं सोबत आली आहेत, त्यांच्या घरून प्रश्न मुलांनीच विचारावेत. आईबाबांनी कृपया बसून राहावं. हां, तिसऱ्या रांगेतली ती निळ्या शर्टातली मुलगी, बोल.