छातीवरचा लोगो

[दृश्य: नवी पेठ, जूनचा पहिला रविवार. गणवेशाच्या दुकानाबाहेर रांग.]

जून लागला की सोलापूरच्या नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही. लग्नसराई ओसरलेली असते, साडीवाले जरा निवांत बसलेले असतात, आणि दोन दुकानं सोडून गणवेशवाल्याकडे मात्र माणसं पार रस्त्यापर्यंत. आत काउंटरवर चौथीतल्या पोराच्या पाठीला शर्ट लावून विक्रेता सांगतो, "अठ्ठावीस नंबर बरोब्बर बसतोय." आईला बरोब्बर बसणारा शर्ट नकोच असतो. "तीस द्या की ओ. पुढच्या वर्षीबी आला पाहिजे."

शर्ट खांद्यावरून ओघळतो, पोरगं तोंड वाकडं करतं, आणि व्यवहार ठरतो.

[दृश्य: दुकानाच्या पायरीवर शिलाई मशीन. पँटची दुमड जवळून.]

पँट तिथेच पायरीवरच्या शिंप्याकडे जाते. खालून चार बोटं आत दुमडायची आणि मोठ्या टाक्यांची टीप मारायची, म्हणजे दिवाळीनंतर घरच्या घरी उसवता येते. उसवली की आत दडलेलं कापड गडद, कोरं निघतं. वरचं उन्हानं आणि धुण्यानं फिकं पडलेलं असतं, आणि दोन्हींच्या मधोमध दुमडीची पांढरट रेघ. प्रार्थनेला पोरं रांगेत उभी राहिली की त्या रेघा बघाव्यात. कुणाची पँट कितव्या वर्षात चालली आहे, ते लगेच कळतं.

[दृश्य: पूर्व भाग. अरुंद गल्ली, उघड्या दारातून मशीनचा आवाज.]

हे सगळं घडतंय सोलापुरात. चादर आणि टॉवेलसाठी आपण ओळखले जातो हे झालंच, पण गेल्या काही दशकांत या गावानं गणवेशाच्या धंद्यातही नाव काढलं. 2017 मध्ये इथे गणवेशाचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. इथला माल राज्याबाहेर जातो, दक्षिणेकडच्या राज्यांत तर विशेष. कापड एकीकडे कापलं जातं, शिवायला दुसरीकडे जातं, आणि काज-बटणाला, धागे कापायला थेट घराघरांत. हे शेवटचं काम बहुतेक बायकांचं. मजुरी नगावर नाहीतर डझनावर. स्वयंपाकाच्या ओट्यापासून हातभर अंतरावर शर्टांची थप्पी, आणि थप्पीतला एकही शर्ट घरातल्या पोराच्या शाळेचा नाही.

म्हणजे गणवेश घाऊक भावात कितीला पडतो, हे या गावाला पुरतं ठाऊक आहे. कापड मीटरला काय भावानं येतं, शिलाई किती, बटणं किती, सगळं तोंडपाठ. तरी याच गल्लीतली बाई जूनमध्ये दुकानात जाते आणि छापील दरानं पैसे मोजून बाहेर येते. घासाघीस नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडणारी बाई इथे गप्प का बसते?

[दृश्य: शर्टाच्या खिशावर भरतकाम केलेला लोगो.]

या एवढ्याशा गोष्टीमुळे.

साधा पांढरा शर्ट या शहरात शंभर ठिकाणी मिळतो. मधला मारुती परिसरात घ्या, आठवडी बाजारात घ्या, ओळखीच्या कारखान्यातून घ्या. विकणारे शंभर असले की भाव आपोआप जागेवर येतो. त्याच शर्टाच्या खिशावर शाळेचा लोगो भरला की विकणारा एकच उरतो. मग पट्ट्यावर लोगो, टायवर लोगो, मोज्यांच्या काठाला शाळेच्या रंगाच्या दोन रेघा, बुधवार-शनिवारचा वेगळा पांढरा ड्रेस, खेळाच्या तासाला 'हाउस'च्या रंगाचा टी-शर्ट. यातली एकही वस्तू दुसरीकडून आणता येत नाही. काही शाळांत वहीच्या मुखपृष्ठावरसुद्धा शाळेचं नाव छापलेलं असतं. आतली पानं तीच, रेघा त्याच.

गणवेश म्हणून जो असतो, त्याचा हेतू चांगलाच आहे. कारखानदाराचं पोर आणि यंत्रमाग कामगाराचं पोर एकाच बाकावर एकाच कपड्यात बसावं, हे कुणाला पटणार नाही? पण त्यासाठी एकच रंग पुरतो. एकच दुकान कशाला लागतं?

सक्ती करता येत नाही, असं शिक्षण विभाग दरवर्षी सांगतो. सीबीएसईनं 2017 मध्ये आपल्या शाळांना परिपत्रक काढून बजावलं होतं, की शाळेच्या आवारात पुस्तकं-गणवेशाची दुकानदारी नको आणि ठरावीक विक्रेत्याकडूनच घ्या असा आग्रहही नको. शाळाही लेखी सक्ती करत नाहीत. यादी देतात, खाली दुकानाचं नाव "सोयीसाठी" लिहितात. सोयीसाठी! दुसरीकडे तो लोगोच मिळत नसेल, तर सक्ती हा शब्द कागदावर यायची गरजच काय?

[दृश्य: महापालिकेची शाळा. मुलं पुस्तकांचे संच घेताना.]

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो नीट सांगायला हवा, कारण खासगी इंग्रजी शाळांच्या गोंधळात तो झाकला जातो. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. सरकारी शाळांतल्या मुलांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दोन गणवेश मिळतात. त्यासाठी धरलेली रक्कम दोन्ही मिळून 600 रुपये, म्हणजे एका जोडीला 300. राज्य सरकारनं 2023 मध्ये बूट आणि मोज्यांचीही भर घातली: एक जोडी बूट, दोन जोड्या मोजे, तरतूद 170 रुपये. एकशे सत्तर रुपयांत बूट आणि मोजे. ते बूट पावसाळा कसा काढतात, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या रस्त्यांवरून शाळेत जाणाऱ्या पोरांना विचारावं.

पुढच्याच वर्षी, 2024-25 ला, 'एक राज्य एक गणवेश' आलं. कापड वरून खरेदी करायचं आणि शिलाई बचत गटांकडून करून घ्यायची, अशी योजना होती. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट. कागदावर बायकांना काम आणि पोरांना गणवेश, दोन्ही होतं. प्रत्यक्षात स्वातंत्र्यदिन आला तरी राज्यात कितीतरी शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत उभी होती, आणि जे गणवेश पोचले त्यांच्या मापांवरून ओरड झाली. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. सोलापूरसारख्या गावाला यात काही नवल वाटलं नाही. वाढत्या पोरांचं माप मुंबईत बसून घेता येत नाही, हे इथला कुठलाही शिंपी सांगेल.

[दृश्य: जुन्या पुस्तकांच्या थप्प्या. खाकी कव्हर.]

पुस्तकांचं आता.

एके काळी मे महिन्यात गल्लीतली पोरं एकमेकांच्या घरी चकरा मारायची. पाचवी पास झालेल्याकडून पाचवीचा संच निम्म्या किमतीत घ्यायचा, स्वतःचा चौथीचा दुसऱ्याला द्यायचा. खाकी कव्हर बदललं की पुस्तक नवं. राज्य मंडळाची पुस्तकं बालभारती काढते, 1967 पासून. त्यांच्या किमती अजूनही आवाक्यात असतात. पण जुनं पुस्तक पुढे जाण्याची ती साखळी तुटत चालली आहे. खासगी प्रकाशकांच्या संचात निम्मी 'वर्कबुकं' असतात. उत्तरं पुस्तकातच लिहायची, एकदा लिहिली की पुस्तक रद्दीत. बालभारतीनंही 2023-24 ला काही इयत्तांच्या पुस्तकांत धड्यांमागे कोरी पानं घातली होती. दप्तराचं ओझं कमी व्हावं, वही वेगळी न्यावी लागू नये, हा विचार होता. पोरांनी पानं भरली, धाकट्या भावाला पुस्तक काही उपयोगाचं राहिलं नाही, आणि वहीही न्यावीच लागली. 2025-26 पासून ती कोरी पानं बंद झाली.

त्याच वर्षी पहिलीला नवा अभ्यासक्रम आला. पुढच्या इयत्तांचा टप्प्याटप्प्यानं बदलणार. बदल हवाच असतो. पण ज्या वर्षी पुस्तक बदलतं, त्या वर्षी थोरल्याचा संच धाकट्याला चालत नाही, आणि दोन पोरांच्या घरात हा फटका आळीपाळीनं बसत राहतो.

वह्यांच्या बाबतीत मात्र एक चांगली बातमी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्यांवरचा 12 टक्के जीएसटी शून्य झाला. पेन्सिल, शार्पनर, खडू, रंगखडू, खोडरबर, सगळं शून्यावर आलं. कंपासपेटीवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कराआधी 600 रुपयांना पडणाऱ्या डझनभर मोठ्या वह्यांवर पूर्वी 72 रुपये कर लागायचा, तो गेला. तेवढ्याच रुपयांनी भाव उतरेल असं नाही, कारण वही बनवणाऱ्याला शाई, डिंक, पुठ्ठ्यावर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. तरी जे उतरलं ते उतरलं. फक्त एक बघा: ही सूट ज्या वस्तूंवर आली, त्या आधीपासूनच दहा दुकानांत मिळत होत्या. लोगोवाल्या ब्लेझरचा भाव करावरून ठरत नाही.

[दृश्य: घराच्या उंबऱ्यावर विड्या वळणारे हात. सूप, पानं, तंबाखू.]

हे सगळं भरायचं कशातून? सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. पानं भिजवायची, कापायची, वळायची, हजाराच्या हिशेबानं विडी कंपनीच्या ब्रँचला नेऊन द्यायची. छाट निघाली, म्हणजे काही विड्या नापास झाल्या, तर तेवढी मजुरी गेली. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे: पहिली ते चौथी वर्षाला 1,000 रुपये, पाचवी ते आठवी 1,500, नववी-दहावी 2,000. अर्ज ऑनलाइन, मग शाळेची पडताळणी, मग वरची. आधार, बँक खातं आणि विडी कामगाराच्या कार्डावरचं नाव जुळलं पाहिजे. इथे तेलुगू घरांतली आडनावं मराठीत एक आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेली असतात, त्यामुळे सायबर कॅफेत निम्मा दिवस जातो. सगळं जुळलं तरी पैसे खात्यावर येईपर्यंत गणवेश एकदा उसवून झालेला असतो.

खर्चाइतकाच त्रास त्याच्या वेळेचा आहे. मजुरी येते आठवड्यानं, पंधरवड्यानं. खर्च येतो 15 जूनच्या आधीच्या दोन आठवड्यांत, एकदम. फीचा पहिला हप्ता, गणवेश, पुस्तकं, रिक्षावाल्या काकांचा आगाऊ महिना. मग भिशीचा नंबर आधी मागून घ्यायचा, बचत गटातून उचल करायची, नाहीतर कानातलं सराफाकडे. गावाकडे शेती असेल तर बी-बियाण्याचाही हाच मुहूर्त. काही दुकानदार ओळखीवर उधारीनं देतात, महिन्यानं या म्हणतात. हा माणूसपणा या पेठांत अजून आहे, आणि तो लोगोच्या दुकानापेक्षा साध्या दुकानात जास्त आढळतो.

[दृश्य: डिसेंबर. गणवेशाचा कारखाना, कापडाचे तागे उतरताना.]

आता जून सोडून डिसेंबरात या.

पुढच्या वर्षीच्या गणवेशाचं काम कारखान्यात याच सुमारास सुरू होतं. नमुना ठरतो, चौकडा निवडला जातो, ताग्यांची ऑर्डर जाते. जूनमध्ये पालक काउंटरवर चिडतो तेव्हा दुकानदार खांदे उडवतो, आणि त्याचंही खोटं नसतं. माल सहा महिन्यांपूर्वीच ठरलेला असतो, त्याच्या हातात काही नसतं.

राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानं खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला आहे. त्याच्या कार्यकारी समितीवर पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, आणि फीचा प्रस्ताव या समितीपुढे यावा लागतो. लोगो शर्टावर भरलेलाच का हवा, सुटा बिल्ला शाळेनं दिला आणि पालकांनी शर्ट कुठूनही आणला तर काय बिघडतं, हा प्रश्न तिथे विचारता येतो. सोलापुरात तर बिल्ला भरून देणाऱ्या मशीनही गल्लोगल्ली आहेत.

अडचण एवढीच की सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते. त्या वेळी मागावरचा बाप मागावर असतो, आणि आई ब्रँचच्या रांगेत.