पंप पाठीवर घेण्याआधी: परवानाधारक फवारणीवाल्यांसाठी

कीटकनाशक कायदा 1968 चा आणि त्याचे नियम 1971 चे. या कायद्यातलं कलम 38 फार कमी लोक वाचतात. स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत औषध वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे कंपनी कायद्यात, विक्रेता कायद्यात, पैसे घेऊन फवारणी करणारे तुम्ही कायद्यात. शेतमालक तेवढा बाहेर. रोजंदारीवर पंप उचलणारा मजूर तर या सगळ्यांच्या मधल्या फटीत उभा आहे. म्हणून मालक म्हणाला, "दोन-तीन औषधं एकत्र मारून टाका, हात जरा सढळ ठेवा," तर त्याच्यासाठी तो सल्ला असतो, तुमच्यासाठी परवान्याचा प्रश्न. नाही म्हणणारा तिथे तुमच्याशिवाय दुसरा कुणी नसतो.

व्यावसायिक पेस्ट कंट्रोलच्या परवान्याला कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी, आणि वर मान्यताप्राप्त संस्थेतलं किमान 15 दिवसांचं प्रशिक्षण लागतं. ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत, म्हणजे तुमच्यासारख्या परवानाधारकांमार्फतच करायचं बंधन घातलं. बाजारात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी सांगायला नको.

2017 च्या हंगामात यवतमाळला कापसावर फवारणी करताना जी विषबाधा झाली, तिची कारणं पुन्हा पुन्हा पाहावीत. त्यानंतर सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली. कलम 27 मध्ये सुरुवातीला जास्तीत जास्त तेवढीच मुदत देता येते. त्या पाचांतलं मोनोक्रोटोफॉस 36 एसएल कायमचं बंद व्हायला 2023 ची अधिसूचना यावी लागली. पण औषधाच्या नावाइतकंच महत्त्व पंपाला आहे. कापूस खांद्याच्या वर गेलेला, सप्टेंबर-ऑक्टोबरचा दमट उकाडा, आणि नोझल तोंडाच्या उंचीवर धरून ओल्या झाडांतून पुढे चालत जायचं. अशा वेळी औषध नाकापेक्षा कातडीतूनच जास्त शिरतं.

आता प्रमाणाकडे येऊ, कारण घोळ इथेच होतो. डब्यासोबतच्या पत्रकावर मात्रा हेक्टरी असते आणि हातात पंप असतो. डायफेन्थ्युरॉन 50 डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची भुकटी) कापसावर हेक्टरी 600 ग्रॅम, म्हणजे एकरी 240 ग्रॅम. आधी नुसतं पाणी भरून 10 मीटर बाय 10 मीटर जागा नेहमीच्या चालीने फवारा. 5 लिटर पाणी गेलं, तर हेक्टरी 500 लिटर, एकरी 200 लिटर. 16 लिटरचा पंप असेल तर साडेबारा पंप होतात, पंपाला जवळपास 19 ग्रॅम. हे काट्यावर मोजायचं. बुचाने किंवा चमच्याने मोजलं की दर पंपाला आकडा बदलतो.

पेट्रोलवरच्या पॉवर स्प्रेला पाणी साधारण तिसरा हिस्सा लागतं, म्हणून दर लिटरला औषध तिप्पट घ्यायची शिफारस असते. एकरी मात्रा तीच राहते. गोंधळ होतो तो बॅटरीच्या पंपाला "पॉवर पंप" म्हणण्यातून. बॅटरी पंपाला पाणी हाताच्या पंपाइतकंच लागतं. त्यात तिप्पट औषध टाकलं तर एकरी मात्राच तिप्पट होते, पैसे जातात आणि मारणाऱ्याच्या अंगावर तिप्पट तीव्र द्रावण उडतं. खऱ्या पॉवर स्प्रेचं धुकं तर बारीकही असतं आणि तीव्रही, तेव्हा तिथे हातमोजे-मास्कची हयगय चालणारच नाही.

सर्वांत तीव्र औषध हाताला लागतं ते डबा फोडताना आणि मोजताना. हातमोजे नायट्राइलचे (एक प्रकारचं रबर) हवेत, कापडी नकोत. ईसी (पाण्यात दुधाळ होणाऱ्या तेलकट) औषधांतला द्रावक कापडातून सरळ कातडीपर्यंत जातो आणि कापड ते तिथेच धरून ठेवतं. तोंडाला बांधलेला रुमाल हेच करतो, फक्त नाकाजवळ. पॅन्ट बुटाच्या बाहेर ठेवा, नाहीतर ओघळ बुटात साचतो. औषध न घालता पंप पाण्याने भरून पाठीवर घ्या, झाकणाचं वायसर आणि नळीचा सांधा गळतो का पाहा. गळणारा पंप पाठीवरून खाली कमरेपर्यंत भिजवतो. पॅराथिऑनवरच्या प्रयोगात अंडकोषाच्या नाजूक कातडीतून शोषण हाताच्या पुढच्या भागापेक्षा सुमारे 12 पट दिसलं होतं, हे लक्षात असू द्या. नोझल तुंबलं तर मऊ ब्रश आणि पाणी. तोंडाने फुंकणं बंद म्हणजे बंद. वारा आडवा घ्यायचा आणि फवारलेल्या ओळीत परत शिरायचं नाही.

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा, हिरवा अशा उतरत्या क्रमाने विषारीपणा सांगतो. तो ठरतो प्रयोगातल्या प्राण्यांना एकदाच दिलेल्या मात्रेवरून. रोज थोडं थोडं अंगावर घेणाऱ्याबद्दल तो गप्प आहे. म्हणूनच नियम 37 आहे: नोकरीला घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, पुढे वर्षातून एकदा, आणि ऑरगॅनोफॉस्फेट वा कार्बामेट (मज्जातंतूंवर परिणाम करणारे कीटकनाशकांचे दोन गट) हाताळणाऱ्यांच्या रक्तातल्या कोलिनएस्टरेजची, म्हणजे ही औषधं निकामी करतात त्या एंझाइमची, दर महिन्याला चाचणी. या नोंदी कागदावर ठेवा. पातळी घसरलेली दिसली की त्या माणसाला त्या औषधापासून बाजूला काढा. तक्रार नसली तरी.

रिकामा डबा चौथाई पाण्याने भरून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपाच्या टाकीतच ओता, असं तीनदा. मग डबा फोडून वस्तीपासून दूर पुरायचा. नियम 44 तेच सांगतो. फवारणीचं उरलेलं पाणी त्याच शेतात संपवा, नाल्यात नाही.

फवारणीवाला घामाघूम होऊन बसला की "ऊन लागलं" म्हणून लिंबूपाणी देतात. डोळ्यांच्या बाहुल्या पाहा. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तोंडाला लाळ असेल, हात थरथरत असतील, तर ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गृहीत धरा. कपडे काढा, साबणाने 15 मिनिटं धुवा, पण मदत करणाऱ्याने हातमोजे घालूनच. उलटी करवू नका; ईसी औषधातला द्रावक फुप्फुसात गेला तर दुसरंच संकट उभं राहतं. 108 ला फोन करा आणि डबा किंवा निदान पत्रक रुग्णासोबत द्या. ऑरगॅनोफॉस्फेटला उतारा म्हणून अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम देतात. डायफेन्थ्युरॉनला उताराच नाही, तिथे लक्षणांप्रमाणे उपचार होतात. एका टाकीत तीन औषधं कालवलेली असतील तर तिन्ही डबे न्या आणि प्रत्येकाचं प्रमाण डॉक्टरांना सांगा, मालक शेजारी उभा असला तरी.