नऊ वाजताची पहाट

बेळगावात उजाडून बराच वेळ झालाय. प्रयोगशाळेतल्या माशांच्या या खोलीत मात्र अजून रात्र आहे. इथले दिवे टायमरवर चालतात: १४ तास उजेड, १० तास अंधार. नऊच्या ठोक्याला दिवे लागतील आणि माशांची पहाट होईल. अंडी माणसांच्या कामाच्या वेळेत मिळावीत, म्हणून ही पहाट पुढं ढकललेली.

मासे आहेत झेब्राफिश. तीन-चार सेंटीमीटरचे, डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे. मासळीबाजारात यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघणार नाही. कंपनी सरकारचा डॉक्टर फ्रान्सिस बुकानन १८०१ मध्ये आपल्या शेजारच्या कानडा मुलखातून फिरला होता. पुढं हॅमिल्टन आडनाव लावून त्यानं गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर पुस्तक काढलं. या माशाची पहिली शास्त्रीय नोंद त्यातली, १८२२ सालची. आपल्याच देशातला हा मासा प्रयोगशाळेत मानाला चढला तो अमेरिकेत, ओरेगन विद्यापीठात. जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९७० च्या दशकात त्याच्यावर काम सुरू केलं.

दिवे लागले. काल संध्याकाळी नर आणि मादी एकाच डब्यात ठेवलेत, मध्ये पारदर्शक आडोसा. आता तो काढला. डब्याला जाळीचा तळ आहे, कारण हे मासे स्वतःचीच अंडी मटकावतात. जाळीतून अंडी खाली पडली की वाचली. एक मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज देते. ती गोळा करायला चहाची गाळणी लागते, गणपत गल्लीत मिळते तीच. महागड्या सूक्ष्मदर्शकाशेजारी ती लटकलेली पाहून पाहुणे हसतात.

अंडी २८.५ अंशांवर ठेवायची. भ्रूण काचेसारखा आरपार दिसतो. साधारण २४ तासांत हृदय धडधडू लागतं आणि ते बघायला काही कापावं लागत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत पिल्लं बाहेर येतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास पोटातला बलक संपत आला, की खाणं सुरू. आधी बारीक जीव, मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची ताजी पिल्लं. तीन महिन्यांत ही पिल्लंच अंड्यांवर येतात. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार सापडतो, हे २०१३ साली जाहीर झालं. औषधं तपासणाऱ्यांची इथं रीघ का, ते त्यावरून कळावं.

पण सगळा खेळ पाण्याचा. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी नळाला येतं ते क्लोरीन घेऊन. आपल्याला ते चालतं, माशाच्या कल्ल्यांना नाही. म्हणून ते आधी गाळून शुद्ध करायचं, मग त्यात मोजून मीठ आणि खायचा सोडा घालायचा. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू मुरायला महिना-दीड महिना जातो. तोवर टाक्या भरून मासे सोडायची घाई करणारा हमखास मासे घालवतो. उपाशी ठेवून मारलेल्या माशांपेक्षा जास्त खायला घालून मारलेले मासे अधिक, असं माझं मत आहे.

टाक्या सांभाळणारे काका खानापूरकडचे. विचारलं तर एवढंच म्हणाले, "पाणी बघायचं, मग मासं बघायचं. उलटं केलं की गेलं की ओ."

पावसाळ्यात वीज जाते, डिसेंबरात गारठा पडतो. हीटर आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर लागतातच. पाणी दोन-चार अंशांनी उतरलं तर मासे मरत नाहीत, पण भ्रूण सावकाश वाढतो. मग आजच्या भ्रूणाची कालच्याशी तुलना करता येत नाही आणि दोष औषधाच्या माथी जातो. शोधनिबंधात काकांचं नाव नसतं. त्यांची वही मात्र पहिल्यांदा मागितली जाते: तापमान, पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली), मेलेले मासे, रोजच्या रोज.

शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलेले मासे रोगाच्या भीतीनं थेट या टाक्यांत येत नाहीत. ते वेगळ्या खोलीत राहतात, तिथंच अंडी देतात. अंडी सौम्य ब्लीचनं धुऊन मगच आत आणायची. आईबाप बाहेरच.