उजवीकडून आत, डाव्या पायाने

[मैदानाची उजवी कड. निवेदन सुरू.]

चेंडू डाव्या पायाला चिकटलेला. समोर बचावपटू, गुडघ्यात वाकून, हात किंचित पसरून उभा. पुढे काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. वरच्या स्टँडमधल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक आहे. हा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक, आत वळणार, बॉक्सच्या रेषेला समांतर चार-पाच पावलं पळणार आणि डाव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात फटका मारणार.

तो आत वळतो. चार-पाच पावलं पळतो. गोल.

आर्येन रॉबेन. जन्म 23 जानेवारी 1984, नेदरलँड्सच्या उत्तरेकडचं बेडुम हे लहानसं गाव. नेदरलँड्सकडून 96 सामने, 37 गोल. चार देशांत लीग विजेतेपदं. आणि उभ्या कारकिर्दीत, थोडं वाढवून सांगायचं तर, एकच युक्ती.

मग ती अडवता का येत नव्हती?

कारण काय होणार हे माहीत असलं तरी कधी होणार हे माहीत नसायचं. रॉबेन पळताना फार छोटी पावलं टाकायचा आणि जवळजवळ प्रत्येक पावलाला चेंडूला डाव्या पायाचा हलका स्पर्श व्हायचा. त्यामुळे कुठल्याही क्षणी वळायला तो मोकळा. बचावपटूचा भार चुकीच्या पायावर गेला, की हा गेलाच. बरं, आतली वाट आधीच अडवून उभं राहावं, तर बायर्न म्युनिक या जर्मन क्लबच्या दिवसांत बाहेरच्या बाजूने त्याचा सहकारी फिलिप लाम धावत यायचा. दोघांपैकी कोणाला सोडायचं? हुलकावणी म्हणजे पायांची करामत असं आपण समजतो. इथे ती सगळी वेळेची होती.

या वेगाची किंमत त्याने मांडीच्या मागच्या स्नायूंनी मोजली. ग्रोनिंगेन या पहिल्या क्लबनंतर पीएसव्ही, चेल्सी, रेआल माद्रिद, सगळीकडे तीच कथा: काही आठवडे थरारक खेळ, मग उपचारांचं टेबल. काचेचा माणूस, असं त्याला म्हणू लागले. 2009 मध्ये रेआलने रोनाल्डो आणि काका यांना आणलं, आणि रॉबेनला जागा उरली नाही. तो बायर्नमध्ये आला. पहिल्याच सामन्यात राखीव खेळाडू म्हणून उतरून त्याने वोल्फ्सबुर्गविरुद्ध दोन गोल केले.

[जोहान्सबर्ग, 11 जुलै 2010.]

विश्वचषकाची अंतिम लढत, समोर स्पेन. 62 वं मिनिट, गोलफलक कोरा. वेस्ली स्नायडरचा पास बचावफळी चिरत जातो आणि रॉबेन एकटा निघतो. समोर फक्त स्पेनचा गोलरक्षक इकर कॅसियास. कॅसियास एका बाजूला झेपावतो, रॉबेन दुसऱ्या बाजूला मारतो. सगळं बरोबर. पण मागे राहिलेल्या कॅसियासच्या उजव्या पायाचं टोक चेंडूला लागतं आणि चेंडू खांबाशेजारून बाहेर.

हा क्षण सगळ्यांना आठवतो. त्याच सामन्यातला दुसरा कमी जणांना आठवतो. 83 व्या मिनिटाला तो पुन्हा सुटला. स्पेनचा बचावपटू कार्लेस पुयोलने त्याला धरलं, पण तो पडला नाही. पळत राहिला, आणि कॅसियासने चेंडू ताब्यात घेतला. पडला असता तर पंचांनी कदाचित शिट्टी वाजवली असती. 116 व्या मिनिटाला इनिएस्टाने स्पेनला विश्वविजेता केलं.

पुढे रॉबेनवर पडण्याचं सोंग करतो असा शिक्का बसला. तो सगळाच खोटा नव्हता. 2014 च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्ध शेवटच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीने नेदरलँड्स तरलं. सामन्यानंतर त्याने कबूल केलं, की पहिल्या अर्धात एकदा आपण मुद्दाम पडलो होतो. माफीही मागितली. शेवटची पेनल्टी मात्र खरीच होती, यावर तो ठाम राहिला. त्याची बाजू घ्यायची नाही, पण जोहान्सबर्गची ती पळत राहिलेली पावलंही या हिशेबात धरायला हवीत.

2012 हे वर्ष त्याच्यासाठी क्रूर होतं. एप्रिलमध्ये जर्मन लीग ठरवणाऱ्या लढतीत प्रतिस्पर्धी डॉर्टमुंडचा गोलरक्षक रोमन वायडेनफेलरने त्याची पेनल्टी अडवली. 19 मे रोजी चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची, अंतिम लढत बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर होती, आणि समोर रॉबेनचा जुना संघ चेल्सी. जादा वेळेत पेनल्टी मिळाली. रॉबेनने मारली, पेत्र चेकने धरली. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये बायर्न हरलं.

तीनच दिवसांनी एक विचित्र सामना ठरलेला होता: बायर्न विरुद्ध नेदरलँड्स. 2010 च्या विश्वचषकाला रॉबेन दुखापत घेऊन गेला आणि परतल्यावर बायर्नसाठी अर्धा हंगाम खेळू शकला नाही. त्याच्या भरपाईसाठी हा मैत्रीपूर्ण सामना. म्हणजे सामना त्याच्याच मांडीच्या दुखापतीपायी, आणि त्याच मैदानावर बायर्नच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती त्याचीच.

पुढच्या हंगामात तो बऱ्याचदा राखीव खेळाडूंमध्ये बसला. सहकारी टोनी क्रूस जखमी झाला, तेव्हा कुठे संघातली जागा पक्की झाली.

[वेम्बली, 25 मे 2013.]

पुन्हा चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. समोर डॉर्टमुंड, गोलमध्ये तोच वायडेनफेलर. पहिल्या अर्धात रॉबेनच्या संधी वाया जातात. एक फटका तर थेट गोलरक्षकाच्या तोंडावर. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस शापित आहे. मग बायर्नच्या मांजुकिचचा गोल रॉबेनच्याच पासवर होतो. डॉर्टमुंडचा गुंदोआन पेनल्टीवर बरोबरी साधतो. 89 वं मिनिट. सहकारी फ्रँक रिबेरी टाचेने चेंडू सरकवतो, रॉबेन दोन बचावपटूंमधून निसटतो.

यावेळी उजवी कड नाही, वळण नाही, तो प्रसिद्ध फटकाही नाही. डाव्या पायाने नुसता ढकललेला, घरंगळत जाणारा चेंडू. वायडेनफेलरचा भार दुसऱ्या पायावर. बायर्न 2, डॉर्टमुंड 1.

वर्षभराने, 2014 च्या विश्वचषकात, ब्राझीलच्या साल्वादोरमध्ये पुन्हा स्पेन आणि पुन्हा कॅसियास. नेदरलँड्सने 5-1 असा विजय मिळवला. रॉबेनचे दोन गोल. दुसऱ्या गोलच्या वेळी सर्जिओ रामोसला मागे टाकून तो कॅसियाससमोर आला. या खेपेला पहिल्याच संधीला फटका मारला नाही. त्याला वळसा घातला, पुन्हा आत आला, आणि मग डाव्या पायाने जाळ्यात.

ऑक्टोबर 2017 मध्ये स्वीडनविरुद्ध दोन गोल करून तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. सामना जिंकला, पण विश्वचषकाचं तिकीट हुकलं. मे 2019 मध्ये बायर्नचा निरोप घेतला: आठ लीग विजेतेपदं, 144 गोल. शेवटच्या सामन्यात रिबेरी आणि तो, दोघेही राखीव म्हणून उतरले आणि दोघांनीही गोल केले.

मग वर्षभर घरी. 2020 मध्ये ग्रोनिंगेन क्लबसाठी तो पुन्हा मैदानात आला, वयाच्या 36 व्या वर्षी. पहिलाच लीग सामना अर्ध्यावर सोडावा लागला. दुखापत, अर्थातच. मे 2021 मध्ये एमेनविरुद्ध दोन गोलना त्याचे पास होते. जुलैमध्ये त्याने कायमचा निरोप घेतला.

एप्रिल 2022 मध्ये तो रॉटरडॅमची मॅरेथॉन धावला. 42 किलोमीटर, 3 तास 13 मिनिटं. चेंडूशिवाय, आणि सरळ रेषेत.