अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत दुखतं

आज ज्या रुग्णांबद्दल मला बोलायचं आहे, त्यांच्या फाइलमध्ये अँजिओग्राफीचा रिपोर्ट असतो आणि त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. तरीही छातीत दुखतं. बहुतेकांना जिना चढताना काही होत नाही. पहाटे तीन-चारला मात्र कळ गाढ झोपेतून उठवते, काही मिनिटं छाती आवळून धरते आणि आपोआप ओसरते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ईसीजीसुद्धा पूर्ववत झालेला असतो. मग कुणी ॲसिडिटी म्हणतं, कुणी टेन्शन. हळूहळू रुग्णाला स्वतःच्याच दुखण्याची शंका यायला लागते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या अनेकांचं दुखणं हृदयाचंच असतं आणि ते सिद्ध करता येतं.

मायरन प्रिंझमेटल या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 साली अशा दुखण्याचं वर्णन केलं. विश्रांती घेताना येणारी कळ, आणि ती चालू असताना ईसीजीच्या रेघेतला एसटी नावाचा भाग वर उचललेला. हृदयाची रक्तवाहिनी तेवढ्यापुरती आवळली जात असावी, हा त्यांचा तर्क होता. पुढे अँजिओग्राफी रुळली, कळ चालू असतानाच चित्रं घेता आली, आणि तो तर्क डोळ्यांना दिसला.

अँजिओग्राफीत आपल्याला दिसतो तो रक्तवाहिनीत भरलेला डाय, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारं द्रव्य; थोडक्यात, आतली पोकळी. भिंत दिसत नाही. शिवाय पोकळी दिसते ती त्या क्षणाची. त्यातच मनगटातून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालताना हाताची धमनी आखडू नये म्हणून बहुतेक वेळा नायट्रोग्लिसरीनसारखं औषध देतात. सीटी अँजिओग्राफीच्या आधीही ते जिभेखाली देतात. चित्र स्पष्ट यावं यासाठी ते योग्यच आहे. पण हेच औषध आवळलेली वाहिनी सैल करतं. स्पाझम, म्हणजे वाहिनीचं हे तात्पुरतं आवळणं, शोधायचा असेल, तर आपण फोटो काढण्याआधीच पुरावा पुसून टाकलेला असतो. म्हणून प्रश्न काय आहे ते तपासणीच्या आधी ठरायला हवं.

त्यासाठी वेगळी चाचणी आहे. रुग्णाच्या वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी थांबवतात. कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, कॅथेटरमधून थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत ॲसिटिलकोलीन हे औषध सोडतात. डाव्या बाजूच्या वाहिनीत साधारणपणे 20, मग 50, मग 100 मायक्रोग्रॅम, प्रत्येक डोसनंतर थांबून. निरोगी वाहिनीचं आतलं अस्तर या औषधाला प्रतिसाद म्हणून नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी रुंदावते. अस्तर बिघडलेलं असेल, तर औषध थेट वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूवर काम करतं आणि वाहिनी आवळते. अस्तराचं हे काम रॉबर्ट फर्चगॉट या शास्त्रज्ञांनी 1980 साली दाखवलं. 1998 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

सगळ्यांचं लक्ष पडद्यावर असतं. मघाशी ठसठशीत दिसणारी वाहिनी मधेच बारीक होत जाते, डाय पुढे सरकेनासा होतो. ईसीजीची रेघ बदलते. आणि रुग्ण म्हणतो, “हेच, डॉक्टर, हेच दुखतं मला.” ओळखीची कळ, ईसीजीतला बदल आणि 90 टक्क्यांहून जास्त आकुंचन, या तीन गोष्टी एकत्र आल्या की निदान पक्कं. लगेच नायट्रोग्लिसरीन सोडतात आणि वाहिनी पुन्हा उघडते. चाचणीत हृदयाचे ठोके मंदावू शकतात, लय बिघडू शकते. म्हणून ती सरावलेल्या टीमनेच करायची.

कधी कळ येते, ईसीजी बदलतो, पण मोठी वाहिनी आवळत नाही. तिथे दोष सूक्ष्म वाहिन्यांत असतो. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. हेही खरं निदान आहे, “काही निघालं नाही” असं याला म्हणायचं नाही. भिंत पाहायची असेल तर ओसीटी नावाची तपासणी आहे. वाहिनीत प्रकाश सोडून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे तपशील ती दाखवते. स्पाझमच्या जागी चरबीचा थर किंवा खरचटलेलं अस्तर सापडलं, तर उपचारात तेही धरावं लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? स्कॉटलंडमधल्या कॉर्मिका अभ्यासाने 2018 साली दाखवलं, की अशा तपासण्यांवरून उपचार ठरवले तर रुग्णांचं दुखणं कमी होतं. स्पाझम असेल तर डिल्टियाझेम किंवा अम्लोडिपिनसारखी औषधं लागतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी औषधं, यांतली काही उलट त्रास वाढवू शकतात. सिगारेट तर पूर्ण बंदच, कारण स्पाझमचा तो मोठा जोखीम-घटक आहे.

तुमच्यापैकी कुणाला असा त्रास असेल, तर कळ किती वाजता आली, किती वेळ टिकली आणि जिभेखालच्या गोळीने थांबली का, एवढं लिहून ठेवा. कळ चालू असतानाच ईसीजी मिळाला तर फारच उत्तम. कळ थांबत नसेल, घाम फुटला किंवा चक्कर आली, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. आणि औषध सुरू असेल तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, स्पाझम उलटून येऊ शकतो. कळा पहाटे येत असतील तर एक डोस रात्री झोपताना घ्यावा का, हेही डॉक्टरांना विचारा.