ओ-रिंग निवडताना आधी जाडी बघा

समोर दोन ओ-रिंग आहेत, म्हणजे तेलाची गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या. पी-10 आणि पी-10ए. ही नावं जेआयएस बी 2401 या जपानी मानकातली. दोन्हींचा आतला व्यास 9.8 मिलिमीटर, दोन्ही 10 मिलिमीटरच्या शाफ्टवर, म्हणजे गोल दांड्यावर, चढतात. पण पहिलीची जाडी 1.9 आणि दुसरीची 2.4.

अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडतं, ते आता खाचेत बघू. ही खाच पी-10ए साठी, शाफ्टभोवतीच्या भागात आतून कापलेली आहे. शाफ्ट 10 चा, खाचेचा तळ 14 व्यासाचा, म्हणजे रिंगला सगळीकडून जागा 2 मिलिमीटर. 2.4 जाडीची रिंग इथे 0.4 ने दबते, साधारण 17 टक्के. गळती थांबते ती या दबण्यामुळे. तेलाचा दाब वाढला की तो रिंगला खाचेच्या भिंतीवर रेटतो आणि पकड उलट घट्ट होते. आता याच खाचेत पी-10 घाला. शाफ्टवर नीट बसते, हाताला काही खटकत नाही, पण वर 0.1 मिलिमीटरची फट उरते. मशीन सुरू होताच तेल तिथून वाट काढणार.

अमेरिकेच्या एएस568 मानकात तीन आकडी क्रमांक असतो. 014, 112 आणि 206 या तिन्हींचा आतला व्यास 12.3 ते 12.4 च्या आसपास, जाडी मात्र 1.78, 2.62 आणि 3.53. पहिला आकडा जाडीचा गट सांगतो. पुढचे दोन नुसता अनुक्रम, त्यात व्यास शोधू नका, तक्ता उघडा. मूळ मापं इंचातली, म्हणून मिलिमीटरमध्ये ती अशी विचित्र दिसतात. खरी डोकेदुखी होते ती 2.4, 2.5 आणि 2.62 च्या रिंगा एकाच डब्यात पडल्या की. नजरेला तिन्ही सारख्याच.

जुनी रिंग मोजून नवी आणणं हा सर्रास चालणारा, पण कच्चा मार्ग. ती दबून चपटी झालेली असते, कधी तेलाने फुगलेलीही. शिवाय मापायच्या व्हर्निअर कॅलिपरचे जबडे रबरात रुततात आणि माप कमी येतं. त्यापेक्षा खाच मोजा: व्यास, खोली, रुंदी. भाग स्थिर असेल तर रिंग 15 ते 30 टक्के दबलेली चालते. सरकता असेल तर 10 ते 20, नाहीतर घर्षणाने झिजते. आतला व्यास 5 टक्क्यांहून जास्त ताणू नका, कारण ताणली की रिंग बारीक होते. खाच रिंगच्या जाडीपेक्षा रुंद हवीच. रबर दाबलं तरी त्याचं आकारमान घटत नाही, ते बाजूला पसरतं.

आणि रबर कोणतं, हेही मापाइतकंच पाहा. खनिज तेलात नायट्राइल टिकतं. ईपीडीएम त्याच तेलात फुगतं, मग अचूक मापाची रिंगही खाचेत मावत नाही.